फायनान्सनं ओढलेला ट्रॅक्टर लिलावात निम्म्या किमतीत मिळतो, पण तो खरंच स्वस्त पडतो का?

"बँक सीझ ट्रॅक्टर. कंडिशन ओके. टायर ७० टक्के. फक्त लिलावात. इच्छुकांनीच फोन करा."

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असा मेसेज आणि सोबत लाल-निळ्या ट्रॅक्टरचे चार फोटो येणं नवीन नाही. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम जवळ आला की हे मेसेज वाढतात. शोरूममध्ये आठ-नऊ लाखांना असलेला ट्रॅक्टर तीन-साडेतीन लाखांत मिळतोय म्हटल्यावर कुणाचंही मन हलणारच.

पण त्या फोटोमागे दोन माणसं असतात. एक, ज्याच्या दारातून तो ट्रॅक्टर गेला. दुसरा, जो साठवलेले किंवा व्याजानं काढलेले पैसे लावून तो आपल्या दारात आणणार आहे. पहिल्याचं कर्ज ट्रॅक्टर विकला गेल्यावर संपतंच असं नाही. दुसऱ्याचा ट्रॅक्टर पैसे भरल्यावर त्याच्या नावावर होतोच असंही नाही.

हा लिलाव नेमका चालतो कसा? गाडी तिथं येते कुठून? 'सॅल्व्हेज' म्हणजे काय? आणि बोली लावण्याआधी काय तपासायचं? समजून घेऊया.

बीडमध्येच एवढी मागणी का?

उत्तर उसात आहे. बीडची ओळख ऊसतोड कामगारांचा जिल्हा अशी आहे. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आसपास हजारो कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीत भांडीकुंडी, धान्याची पोती, कोयते, शेळ्या, लेकरं असा सगळा संसार भरलेला असतो. पुढचे चार-पाच महिने हाच ट्रॅक्टर फडातून कारखान्यापर्यंत ऊस ओढतो.

म्हणजे इथं ट्रॅक्टर फक्त नांगरटीसाठी घेतला जात नाही. पाऊस पडो न पडो, हंगामात रोकड आणणारं साधन म्हणून तो घेतला जातो. कोरडवाहू जमिनीच्या उत्पन्नावर हप्ता फिटत नाही, उसाच्या वाहतुकीवर फिटेल, असा हिशेब असतो.

हा हिशेब बिघडतो तो उचलीमुळे. वाहतूकदार कारखान्याशी करार करतो आणि कारखान्याकडून उचल घेतो. ती तो मुकादमाला देतो. मुकादम ती कामगारांच्या जोड्यांना, म्हणजे कोयत्यांना वाटतो. या साखळीत पूर्ण टोळी आली नाही किंवा अर्ध्या हंगामात निघून गेली, तर ट्रॅक्टर उभा राहतो. वाहतूकदाराच्या डोक्यावर मग दोन कर्जं होतात. कारखान्याची उचल आणि ट्रॅक्टरचा हप्ता. मुकादमानं फसवल्याच्या तक्रारी सोलापूर, सांगली, कोल्हापूरच्या पोलीस ठाण्यांत वर्षानुवर्षं दाखल होत आल्या आहेत. दुसरीकडे, उचल फिटली नाही म्हणून कामगारांना डांबून ठेवल्याच्या तक्रारीही आहेत. पैसा कुठंही अडकला तरी हप्ता थांबत नाही. तीन-चार हप्ते थकले की फोन सुरू होतात आणि एक दिवस 'गाडी ओढली' जाते.

त्यात २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. बीडमध्येही नद्यांना पूर आले, शेतं खरवडून गेली. राज्य सरकारनं ७ ऑक्टोबर २०२५ ला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पण पीक गेलेल्या घरात हप्ता थकणं आणि पाण्यात बुडालेल्या गाड्या बाजारात येणं, या दोन्ही गोष्टी अशा वर्षानंतर वाढतात. म्हणूनच हा विषय आत्ता समजून घेणं गरजेचं आहे.

लिलावात गाडी येते कुठून?

सगळे लिलाव सारखे नसतात. गाडी कुठून आली यावर तिचे कागद आणि तुमची जोखीम ठरते. ढोबळमानानं चार वाटा आहेत.

१) बँक किंवा वित्त कंपनीनं ओढलेली गाडी. ती सहसा चालू स्थितीत असते, पण हप्ते थकलेले असतात. अशा गाड्या कंपनीनं ठरवलेल्या यार्डात उभ्या राहतात आणि बोली बहुतेक वेळा ऑनलाइन होते.

२) विमा कंपनीचं सॅल्व्हेज. अपघात, आग किंवा पुरात मोठं नुकसान झालेली गाडी. ही मोडकी असते आणि जशी आहे तशीच विकली जाते.

३) सरकारी जुनी वाहनं. सरकारी खाती आणि सार्वजनिक कंपन्यांच्या निर्लेखित गाड्या व भंगार विकण्यासाठी 'एमएसटीसी' या केंद्र सरकारच्या कंपनीचं ई-लिलावाचं संकेतस्थळ वापरलं जातं. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढं चालू ठेवता येत नाही. त्यामुळे त्यातली बरीच वाहनं फक्त भंगारात जाण्यासाठीच असतात. घेणारा अधिकृत स्क्रॅप केंद्र असावा, अशी अट त्यात असू शकते.

४) तहसील आणि पोलिसांचे लिलाव. गोदावरी गेवराई, माजलगाव, परळी तालुक्यांना लागून वाहते. अवैध वाळू वाहतुकीत पकडलेले ट्रॅक्टर आणि टिप्पर तहसील कार्यालयाच्या आवारात उभे दिसतात. दंड भरला नाही, तर वसुलीसाठी लिलाव होतो. पोलीस ठाण्यातली बेवारस वाहनंही अशीच विकली जातात. पोलीस ठाण्यांत गाड्या वर्षानुवर्षं गंजत ठेवू नका, असं सुप्रीम कोर्टानं २००२ मध्येच सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितलं होतं.

हप्ता थकला की गाडी लगेच ओढता येते का?

खरेदीदाराला वाटेल, आपल्याला याचं काय? पण ज्या गाडीची जप्तीच वादात आहे, ती घेणारा उद्या त्या वादात ओढला जाऊ शकतो. म्हणून हे दोन्ही बाजूंनी समजून घ्यायला हवं.

कर्जावर घेतलेल्या गाडीच्या आरसीवर वित्तपुरवठादाराचं नाव असतं. यालाच बोजा किंवा हायपोथिकेशन म्हणतात. हप्ते थकले तर करारानुसार गाडी ताब्यात घेण्याचा हक्क कंपनीला असतो. मात्र ताबा घेण्याची पद्धत कायदेशीर असावी लागते. गुंड पाठवून, दमदाटी करून वसुली चालणार नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००७ मध्ये प्रकाश कौर प्रकरणात बजावलं आहे.

रिझर्व्ह बँकेचे नियमही आहेत. वित्त कंपन्यांच्या करारात या गोष्टी लिहिलेल्या असायला हव्यात: ताबा घेण्याआधी किती दिवसांची नोटीस, ताबा घेण्याची रीत, विक्रीआधी थकबाकी भरण्याची शेवटची संधी आणि विक्रीची पद्धत. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही.

हे नियम कागदावर राहिले तर काय होतं, हे सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडच्या हजारीबागमध्ये दिसलं. थकीत कर्जाचा ट्रॅक्टर ओढून नेताना एका गर्भवती महिलेचा त्याच ट्रॅक्टरखाली चिरडून मृत्यू झाला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेनं संबंधित वित्त कंपनीला बाहेरच्या एजन्सीमार्फत वसुली आणि जप्ती करायला मनाई केली. ती जानेवारी २०२३ मध्ये उठवली गेली.

बोली कशी लागते?

ऑनलाइन लिलावाची रीत साधारण अशी असते. आधी पॅन, आधार देऊन नोंदणी. मग अनामत रक्कम, ज्याला ईएमडी म्हणतात. त्यानंतर यार्डात जाऊन गाडी पाहण्यासाठी ठरलेले दिवस. मग ठरलेल्या वेळेत बोली.

इथं नवखे लोक एक गोष्ट विसरतात. सर्वात मोठी बोली लागली म्हणजे गाडी मिळाली असं नाही. बहुतेक लिलावांत शेवटची मंजुरी विकणाऱ्या कंपनीच्या हातात असते. अपेक्षेपेक्षा कमी बोली आली तर ती नाकारली जाते आणि गाडी पुन्हा लिलावात येते. मंजुरी मिळाली की ठरलेल्या मुदतीत पूर्ण पैसे भरावे लागतात. मुदत चुकली तर अनामत बुडते. पैसे भरल्यावर रिलीज ऑर्डर मिळते आणि तिच्यावर लिहिलेल्या तारखेपर्यंत गाडी उचलली नाही, तर यार्डाचं भाडं चढायला लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाची अट असते ती 'जशी आहे, जिथं आहे' ही. म्हणजे गाडी आहे त्या स्थितीत आणि उभी आहे त्या जागेवरून घ्यायची. नंतर इंजिन बसलं, बॅटरी गायब निघाली, हायड्रॉलिक लिफ्ट उचलेना, तर तक्रारीला जागा नाही. बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टर चालवून पाहायलाही मिळत नाही. फार तर सुरू करून दाखवतात.

म्हणूनच यार्डात जाताना ओळखीचा मिस्त्री सोबत नेण्याचा खर्च वाचवू नये. तो पुढच्या गोष्टी बघतो.

- इंजिन सुरू असताना ब्रीदरमधून धूर येतोय का? येत असेल तर इंजिनचं काम जवळ आलंय.
- डिपस्टिकवरचं ऑइल दुधासारखं पांढरट आहे का? असेल तर त्यात पाणी गेलंय.
- क्लच, गिअर, पीटीओ आणि लिफ्ट काम करतात का?
- दोन ट्रॉल्या ओढलेला ट्रॅक्टर असेल तर मागचा हुक आणि हौजिंगवर वेल्डिंगच्या खुणा आहेत का?
- टायर कंपनीचे आहेत की जप्तीआधी कुणी जुने चढवलेत?
- अवर मीटर चालू आहे का? बंद मीटरवरच्या आकड्याला काही अर्थ नाही.

'सॅल्व्हेज' म्हणजे नेमकं काय?

ओढलेली गाडी आणि सॅल्व्हेज यात गल्लत केली की सर्वात मोठा फटका बसतो.

विम्यात गाडीची एक किंमत धरलेली असते. तिला आयडीव्ही म्हणतात. नव्या गाडीच्या किमतीतून वयानुसार घसारा वजा करून ती काढतात. ६ महिन्यांपर्यंत ५ टक्के, १ वर्षापर्यंत १५, २ वर्षांपर्यंत २०, ३ पर्यंत ३०, ४ पर्यंत ४० आणि ५ वर्षांपर्यंत ५० टक्के. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर जात असेल, तर गाडी 'टोटल लॉस' धरली जाते.

उदाहरण घेऊ. ८ लाखांच्या ट्रॅक्टरला साडेतीन वर्षं झाली. घसारा ४० टक्के, म्हणजे आयडीव्ही ४ लाख ८० हजार. त्याचे ७५ टक्के होतात ३ लाख ६० हजार. कंपनीच्या वर्कशॉपनं दुरुस्तीचा अंदाज ३ लाख ७० हजार दिला, तर विमा कंपनीच्या लेखी ती गाडी संपली.

पण गावातल्या गॅरेजच्या लेखी ती संपलेली नसते. जुने सुटे भाग लावून तेच काम निम्म्या खर्चात करणारे फिटर असतात. सॅल्व्हेजचा सगळा धंदा या दोन अंदाजांमधल्या फरकावर उभा आहे.

इथं दोन शब्द लक्षात ठेवा. 'आरसीसह' आणि 'आरसीविना'. सॅल्व्हेजची किंमत या दोन्ही प्रकारे काढली जाते आणि त्यात मोठा फरक असतो. आरसीविना घेतलेली गाडी पुन्हा रस्त्यावर येत नाही. ती फक्त सुट्या भागांसाठी असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार गाडी कायमची निकामी झाली, तर मालकानं १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचं असतं. मग तिची नोंदणी रद्द होते. 'गाडी घ्या, कागदाचं नंतर बघू' असं कुणी म्हणत असेल, तर हेच कागद रद्द झालेले असू शकतात.

याचा दुसरा धोका त्याहून गंभीर आहे. अपघातात चक्काचूर झालेल्या गाडीचे कागद आणि चेसिस नंबर घ्यायचा आणि त्याच मॉडेलच्या चोरीच्या गाडीवर तो चढवायचा, ही वाहनचोरांची जुनी पद्धत. कागद खरे, गाडी चोरीची. म्हणून चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहणं आणि नंबरच्या जागेवर घासल्याच्या, पुन्हा पंच केल्याच्या खुणा शोधणं, हे पहिलं काम.

पुरातल्या गाडीबद्दल आणखी एक. बाहेरून धुऊन-पुसून ती चकाचक करता येते. पण पाणी इंजिनमध्ये असताना कुणी स्टार्टर मारला असेल, तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. लगेच कळत नाही, काही दिवसांनी इंजिन फुटतं. सीटखाली, डॅशबोर्डच्या मागं, वायरिंगच्या सॉकेटमध्ये आणि दिव्यांच्या काचेत वाळलेला गाळ शोधा. तो सगळीकडून काढता येत नाही.

खरी लढाई आरटीओत

लिलावात गाडी जिंकणं सोपं आहे, ती नावावर करणं अवघड. आणि हंगामाच्या तोंडावर हाच मुद्दा जीवावर येतो. कारण कारखान्याशी वाहतुकीचा करार करताना वाहनाची कागदपत्रं लागतात. नोव्हेंबरमध्ये घेतलेला ट्रॅक्टर फेब्रुवारीत नावावर झाला, तर हंगाम हातातून गेलेला असतो.

कोणत्या लिलावातून गाडी घेतली यावर फॉर्म बदलतात.

- वित्त कंपनीकडून घेतली असेल, तर विक्रीपत्र, मालकी हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०, बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि कंपनीचं ना हरकत पत्र लागतं.
- जुना मालक आरसी देत नसेल किंवा बेपत्ता असेल, तर कंपनीनं आधी कलम ५१ नुसार फॉर्म ३६ भरून आरसी स्वतःच्या नावावर करून घ्यावी लागते. त्यात आरटीओ जुन्या मालकाला बाजू मांडायची संधी देतं. म्हणजे वेळ जातो.
- सरकारनं किंवा सरकारच्या वतीनं झालेल्या जाहीर लिलावात घेतली असेल, तर फॉर्म ३२. ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो.
- गाडी दुसऱ्या आरटीओची असेल, तर फॉर्म २८, म्हणजे मूळ आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र. बीडमध्ये बीडचा एमएच २३ आणि अंबाजोगाईचा एमएच ४४ असे दोन नंबर आहेत. कर्नाटक पासिंगची गाडी असेल तर हा टप्पा आणखी लांबतो, कारण राज्य बदललं की नवा नंबर घ्यावा लागतो.

बोली लावण्याआधी एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाका. विमा कधीपर्यंत आहे, आरसीवर बोजा कुणाचा आहे, नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसतं. महाराष्ट्राच्या ई-चलान संकेतस्थळावर थकीत दंड दिसतो. यार्डात चिकटवलेल्या कागदावर विसंबू नका.

ट्रॉली विसरू नका. ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी आणि विमा असतो. ट्रॅक्टर लिलावात मिळाला म्हणजे ट्रॉलीचे कागद आपोआप येत नाहीत.

नावावर न करता चालवली तर?

'सीझन होऊ दे, मग नावावर करू' हे वाक्य ग्रामीण भागात सर्रास ऐकू येतं. ते दोघांनाही महाग पडू शकतं.

सुप्रीम कोर्टानं ६ फेब्रुवारी २०१८ ला नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार प्रकरणात स्पष्ट केलं की, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे, तोच कायद्याच्या लेखी मालक. त्या प्रकरणात गाडी हातोहात अनेकदा विकली गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. अपघाताची भरपाई त्याच्यावर आली.

आता हे उसाच्या रस्त्यावर आणून पाहा. रात्रीची वेळ, रिफ्लेक्टर नसलेल्या दोन ट्रॉल्या, मागून येणारी दुचाकी. हंगामात असे अपघात दरवर्षी होतात. गाडीचा विमा संपलेला असेल, तर लाखोंची भरपाई खिशातून द्यावी लागते. ज्याचा ट्रॅक्टर सहा महिन्यांपूर्वी ओढून नेला, त्याच्याच नावानं नोटीस येऊ शकते.

ओढलेल्या गाडीचा विमा बहुतेकदा संपलेलाच असतो. त्यामुळे यार्डाच्या गेटबाहेर काढण्याआधी किमान थर्ड पार्टी विमा काढणं कायद्यानं बंधनकारक आहे. विमा चालू असेल, तर कलम १५७ नुसार १४ दिवसांत तो नावावर करण्यासाठी विमा कंपनीला कळवा. शेतीसाठीच्या ट्रॅक्टरच्या पॉलिसीवर भाड्यानं वाहतूक केली तर दाव्याच्या वेळी वाद होतो, म्हणून वापर काय आहे हेही खरं सांगा.

हिशेब मांडून बघू

समजा, केज तालुक्यातल्या एका तरुणाला पुण्याजवळच्या यार्डात २ लाख ६० हजारांना ट्रॅक्टर मिळाला. खालचे आकडे फक्त हिशेबाची रीत कळावी म्हणून घेतले आहेत.

- बोली: २,६०,०००
- लिलाव कंपनीचं शुल्क, कर: १०,०००
- गाडी आणण्याचा खर्च: १२,०००
- मागचे दोन टायर: ५५,०००
- इंजिन आणि क्लचचं काम: ६०,०००
- विमा, आरटीओ, हेलपाटे: १३,०००

एकूण ४ लाख १० हजार. आणि गावातच, ओळखीच्या माणसाकडे, चालवून पाहता येणारा, कागद हातात असलेला तसाच ट्रॅक्टर ४ लाख २५ हजारांना मिळत असेल तर? वाचले फक्त १५ हजार. त्या बदल्यात जोखीम सगळी आपली.

मग लिलावात कुणाला परवडतं? ज्याचं स्वतःचं गॅरेज आहे, ज्याच्याकडे सुटे भाग पडून आहेत, जो एका वेळी पाच-सहा गाड्या घेऊन एकीतला तोटा दुसरीत भरून काढतो, त्या व्यापाऱ्याला. आयुष्यात एकदाच ट्रॅक्टर घेणाऱ्याला तशी दुसरी संधी नसते.

आणखी एक बदल विसरून चालणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कर सोडून ७ लाखांच्या ट्रॅक्टरवर आधी ८४ हजार कर होता, आता ३५ हजार. म्हणजे ४९ हजारांचा फरक. नवा स्वस्त झाला की जुन्याची किंमतही खाली यायला हवी. २०२५ च्या उन्हाळ्यातला भाव डोक्यात ठेवून आता बोली लावली, तर तिथंच तोटा सुरू होतो.

मेसेज खरा की खोटा?

लिलावाच्या नावानं फसवणूकही होते. फेसबुकवर दुसऱ्याच्या ट्रॅक्टरचे फोटो टाकायचे, 'आजच टोकन भरा, उद्या बोली बंद' म्हणायचं आणि पाच-दहा हजार घेऊन फोन बंद करायचा. ओळखायचं कसं?

खरा लिलाव गाडी पाहण्याचा पत्ता आणि दिवस देतो. अनामत कंपनीच्या खात्यात जाते, कुणा व्यक्तीच्या फोन नंबरवर नाही. शंका असेल तर ज्या बँकेचं नाव सांगितलंय तिच्या जवळच्या शाखेत जाऊन विचारा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

जुन्या गाड्यांच्या डीलरकडून घेत असाल, तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी हा नियम लागू आहे.

ज्याचा ट्रॅक्टर गेला, त्याचं काय?

लिलावाच्या चर्चेत हा माणूस सगळ्यात आधी विसरला जातो. गाडी गेली म्हणजे कर्ज मिटलं, असा त्याचा समज असतो. तसं नसतं.

समजा, ५ लाख कर्ज बाकी आहे आणि ट्रॅक्टर २ लाख ६० हजारांना गेला. उरलेले २ लाख ४० हजार, वर व्याज आणि जप्तीचा, यार्डाचा खर्च, हे सगळं त्याच्याच नावावर राहतं. सिबिल खराब होतं ते वेगळं. म्हणजे लिलावात जितकी कमी बोली, तितकं त्याचं कर्ज जास्त. उलट, थकबाकीपेक्षा जास्त पैसे आले, तर वरची रक्कम त्याची असते आणि ती मागण्याचा त्याला हक्क आहे.

म्हणून हप्ता थकणार असं दिसताच तीन गोष्टी करता येतात. एक, कंपनीला लेखी कळवून हप्त्यांची फेररचना मागणं, विशेषतः पूर किंवा दुष्काळाच्या वर्षात. दोन, गाडी ओढली जाण्याआधी कंपनीच्या संमतीनं स्वतःच गिऱ्हाईक शोधून विकणं. गावात ओळखीनं मिळणारी किंमत यार्डातल्या बोलीपेक्षा सहसा बरी असते. तीन, गाडी गेलीच तर जप्तीची यादी, विक्रीआधीची नोटीस, विक्रीची किंमत आणि उरलेल्या हिशेबाचा कागद मागणं. कंपनीनं ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

आता त्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजकडे परत येऊ. त्यात टायर ७० टक्के आहेत, हे लिहिलेलं असतं. आरसी कुणाच्या नावावर आहे, फॉर्म ३५ मिळणार का, विमा कधी संपला, नंबर घासलेला आहे का, हे लिहिलेलं नसतं. किंमत विचारण्याआधी हे चार प्रश्न विचारा. समोरचा 'आधी टोकन टाका, मग सांगतो' म्हणाला, तर फोन ठेवून द्या. हंगाम दरवर्षी येतो, आणि ट्रॅक्टर दुसराही मिळेल.